फिका पाजला

“मैना, चहा टाक वं!”

भामाबाईंनी गादीवरून आवाज दिला आणि दाताखाली दाबलेला धानाचा दाणा काढून खिडकीबाहेर फेकला. वाळलेला दाणा कट्ट वाजतो. हा वाजला नव्हता, नुसताच दबला होता. समोर बसलेला प्रेमलाल मात्र आपल्याच नादात होता.

“असं धान तुमाले औंदा पुऱ्या कटंगीत नाई भेटणार, बाई. पाण्याचा थेंब नाई लागला याले. म्या सोता खळ्यावर बसून वाळवलं.”

“हौ न,” भामाबाई म्हणाल्या. “दिसूनच राह्यलं.”

मैनाबाई चहा घेऊन आली. एकच कप आणि एकच बशी. भामाबाईंनी अर्धा चहा बशीत ओतला, बशी प्रेमलालपुढे सरकवली आणि कप आपल्या तोंडाला लावला. प्रेमलालने बशीवर फुंकर घातली, एक घोट घेतला आणि त्याची सुसाट सुटलेली जीभ जागच्या जागी थांबली. चहात साखर नव्हती. त्याने भामाबाईंकडे पाहिले. त्या शांतपणे आपला कप पीत होत्या, आणि तोही बिनसाखरेचाच होता. प्रेमलालने बशी संपवली, मिशा पुसल्या आणि उठला.

“येतो बाई. बैलं उन्हात हायत.”

“या. अन् मोठीच्या लग्नाले बोलावजा मले, इसरू नका.”

बाकावर आपला नंबर यायची वाट पाहत बसलेल्या शेतकऱ्यांनी काय पाहिले? एक माणूस आला, मालकिणीबरोबर चहा प्याला आणि गेला. त्याचे धान परत गेले हे कुणाला कळले नाही. म्हणजे कळले असेलही, पण कुणी ऐकले नव्हते, आणि जे ऐकले नाही ते चावडीवर सांगता येत नाही.

ही रीत भामाबाईंच्या वडिलांची. गुणाकरजींनी बालाघाटला गोंदियाच्या रस्त्यावर तांदळाची मिल टाकली तेव्हा त्यांना एकच अडचण होती: तोंडावर नाही म्हणणे त्यांना जमत नसे. पहाटे बैल जुंपून, कोसच्या कोस तुडवून माणूस माल घेऊन येतो. चारचौघांत त्याला “तुझं धान ओलं आहे” म्हणायचे म्हणजे त्याची पगडी उतरवणे. तेव्हा त्यांनी हा मार्ग काढला. धान पसंत पडले तर चहा गोड, नाही तर फिका. “चहा आण” म्हटले की साखर घालायची, “चहा टाक” म्हटले की नाही, ही खूण फक्त चहा करणाऱ्याला ठाऊक. शेतकऱ्याला जे कळायचे ते जिभेला कळायचे. प्यायचा मात्र दोघांनी एकाच कपातला. “ज्याले फिका पाजाचा, त्याच्यासंग आपुनबी फिकाच प्याव,” असे गुणाकरजी म्हणत, आणि तसे करत.

पुढे पुढे ‘फिका पाजणे’ हा त्या भागात शब्दच होऊन बसला. सोयरीक फिसकटली की लोक म्हणत, पोराच्या बापानं फिका पाजला. साहेबाने अर्ज नामंजूर केला की म्हणत, साहेबानं फिका पाजला. राजेगावला तर एका जावयाने सासुरवाडीला चुकून साखर कमी पडलेला चहा मिळाला म्हणून बायकोला न घेताच परत यायची तयारी केली होती.

गुणाकरजींना ही एकटीच लेक. सत्यभामा नाव, पण सगळ्या तालुक्याची भामाबाई. वडील गेले तेव्हा पुष्कळांनी मान हलवली. बाईमाणूस मिल काय चालवणार? नवरा नीळकंठराव सरकारी शाळेत मास्तर, त्यांना धानातले आणि गव्हातले अंतर मोठ्या मुश्किलीने कळे. रेल्वे फाटकापलीकडे मिल असलेला चुलतभाऊ हिरालाल तर तेराव्यालाच किल्ल्या मागायला आला होता. भामाबाईंनी त्याला बसवले, मैनाबाईला हाक मारली आणि चहा टाकायला सांगितले. हिरालाल समजायचे ते समजला. पुढच्या हंगामात वडिलांच्या काळात येत त्याहून जास्त गाड्या मिलच्या आवारात उभ्या राहिल्या, आणि नंतर दर वर्षी वाढतच गेल्या.

पण जितक्या गाड्या तितका चहा. चांगले धान म्हणजे गोड चहा, आणि भामाबाईंकडे माणसे चांगलेच धान घेऊन येत. दिवाळी झाली की सकाळपासून दिवेलागणीपर्यंत त्या गादीवर मांडी घालून बसत आणि पीत राहत. जेवणाचा डबा घरून येई आणि तसाच परत जाई. मध्ये कुणी भजी आणली तर चार भजी. माल घेणाऱ्या व्यापाऱ्यांची कटकट, हमालांची भांडणे, ऐन वेळी गुल होणारी वीज, सगळे त्या कपाबरोबर गिळत. त्यांना तहान फार लागू लागली होती, डोळ्यांपुढे अंधारल्यासारखे होई, पायाच्या अंगठ्याला ठेच लागली होती ती भरत नव्हती. त्या म्हणायच्या, गरमी झाली. मार्गशीर्षातल्या थंडीत गरमी कसली, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

मग एक दिवस काट्याजवळ वजन पाहता पाहता त्या पोत्यांवरच खाली बसल्या आणि त्यांना उठता येईना. नीळकंठराव शाळेतून धावत आले आणि रिक्षात घालून त्यांना डॉक्टर आशालताबाईंच्या दवाखान्यात घेऊन गेले.

आशालताबाई गावातल्या जुन्या मराठी घरातल्या. स्वतःच्या हिमतीवर दवाखाना चालवत. त्यांनी तपासले, रक्त घेतले, अंगठा पाहिला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावून समोर बसवले.

“साखर आहे तुम्हाला. ब्लडप्रेशरही चढलंय. दिवसाला चहा किती?”

“कोण मोजते जी?”

“आणि पाणी?”

भामाबाई खुर्चीत पुढे सरकल्या. बाहेर बसलेल्या नवऱ्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या, “मिलवर सारे गडीमाणसं. बाईमाणसाले जागा नाई तिथं. पाणी पेलं का जाव लागते. म्हणून नाई पेत.”

“इतकी वर्षं?”

“हौ.”

आशालताबाईंनी हातातले पेन खाली ठेवले. “एवढी मोठी मिल बांधलीत आणि एक आडोसा बांधला नाहीत? बरं, मला सांगा, डोक्याला ताण असतो?”

“ताण कायचा? माही मिल, माहं राज.”

“कुणाला नाही म्हणायची वेळ आली की काय करता?”

“चहा पाजाचा.”

डॉक्टरीणबाईंना ते कळले नाही. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. साखर बंद, भात कमी, रोज चालायचे, जेवण वेळेवर. ते ऐकता ऐकता भामाबाईंची नजर टेबलाच्या कडेला गेली. तिथे एक डबा होता. दुपार कधीच टळली होती आणि डब्याचे झाकण उघडलेले नव्हते.

“डॉक्टरीणबाई, तुमचा डबा?”

“माझं सोडा.”

“सोडलं. आता माहंबी सोडा.”

आशालताबाई हसल्या. मग गंभीर झाल्या आणि म्हणाल्या, “मी उद्यापासून डबा वेळेवर उघडते. तुम्हीही ऐका. त्या अंगठ्याकडे पाहिलं की मला चांगलं वाटत नाही.”

घरी येताना भामाबाईंनी नवऱ्याला बजावले की हे कुणाजवळ बोलायचे नाही. मिलच्या धंद्यात तब्येत गेली म्हणजे गादी गेली. हिरालाल टपूनच बसलेला. ‘भामाबाईले आता आराम पायजे’ असे तो आधीपासूनच लोकांना सांगत फिरत होता. साखरेची बाई म्हटल्यावर व्यापारी सौदा करताना तिच्या तोंडाकडे नाही, पायाकडे बघतील.

नीळकंठराव म्हणाले, “त्या सत्यभामेनं कृष्णाजवळ स्वर्गातला पारिजात मागितला होता. म्या तं तुले फक्त एक बिनसाखरेचा कप मागून राह्यलो.”

“तो आपल्या हातात आहे,” भामाबाई म्हणाल्या. “म्हणूनच अवघड. पारिजातच सोपा होता.”

पण मनावर घेतले की त्या करणाऱ्या होत्या. आवारात मागच्या बाजूला वीट-मातीचा आडोसा बांधून घेतला. हमालांना वाटले, नवे गोदाम होत आहे. सकाळी पोत्यांच्या थप्प्यांभोवती त्या फेऱ्या मारू लागल्या. हमालांना वाटले, बाई चोर शोधून राह्यल्या. आणि चहाचे त्यांनी मैनाबाईला समजावले: यापुढे कप दोन. त्यांचा नेहमी फिका, समोरच्याचा जसा सांगितला असेल तसा.

मैनाबाई जुनी बाई. तिला हे पटले नाही. “बाई, एकाच कपातला पेत होते बाबूजी.”

“बाबूजीले साखर नवती.”

पहिले काही दिवस बरे गेले. दोन कप कसे, असे कुणी विचारलेच तर भामाबाई म्हणत, मले सर्दी आहे, माहं उष्टं तुमाले कायले? फिका चहा मात्र त्यांच्या घशाखाली उतरत नसे. आयुष्यभर तो त्यांनी नकाराचा म्हणून प्यायला होता. आता दर घोटाला कुणी तरी आपल्यालाच परत पाठवते आहे असे त्यांना वाटे.

अशात राजेगावचा चैतराम आला.

चैतराम हा गुणाकरजींच्या बरोबरीचा. भामाबाई त्याच्या बैलगाडीत बसून लहानाच्या मोठ्या झालेल्या. त्याची शेती बेताची, पण एका बांधीत, बांध घातलेल्या तुकड्यात, तो फक्त चिन्नोर हे बारीक, सुवासिक धान लावी. बापाने ठेवलेले बियाणे, दर वर्षी आपल्याच पिकातले राखून पुढे चालवलेले. मिलमध्ये त्याचा चिन्नोर भरडायला घेतला की वासाने रस्त्यावरचा माणूस वळून पाही. दर वर्षी त्याची गाडी यायची, चहा गोड व्हायचा, आणि त्या चहावर दोघेही गुणाकरजींच्या गोष्टी काढायची. धान पाहायची गरजच नसे. तरी भामाबाई मूठभर नमुना काढत, दाणा दाताखाली धरत, आणि तो कट्ट वाजला की चैतराम लहान पोरासारखा हसे.

त्या दिवशीही दाणा वाजला, चैतराम हसला. भामाबाईंनी नमुन्याची मूठ फडक्यात बांधून कोनाड्यात ठेवली आणि हाक दिली, “मैना, चहा आण!”

दोन कप आले.

“आज दोन?” चैतराम म्हणाला. “आपला तं एकच राह्यते बाई.”

“सर्दी झाली मले, काकाजी.”

मैनाबाई कप खाली ठेवत असतानाच आत मशीनचा पट्टा तुटला. मोठा आवाज झाला, मिल बंद पडली, हमाल ओरडू लागले. भामाबाई दारापर्यंत गेल्या, मिस्त्रीला दोन सुनावल्या, परत येऊन गादीवर बसल्या आणि समोरचा कप उचलून एक घोट घेतला.

गोड होता.

चांगला दाट, आले घातलेला, जिभेवर रेंगाळणारा गोड चहा. भामाबाईंनी डोळे मिटले. मैनाबाईने घोळ घातला, एवढे त्यांच्या ध्यानात आले. त्याच्या पुढचे ध्यानात यायला फार अक्कल लागत नव्हती, पण अक्कल त्या घटकेला बाहेर गेली होती. किती दिवसांनी मिळाला होता! एक कप प्याल्याने काय जीव जातो? आणि आपण मागितला थोडाच, चुकून आला. त्यांनी तो हळूहळू, तळाची साखर हलवून, शेवटपर्यंत प्यायला. कप ठेवला तेव्हा चैतरामचा कपही रिकामा होता. तो त्या कपात बघत बसला होता.

“कसं काय काकाजी, बरं हाय न घरी सारं?”

“हौ बाई. बरंच हाय.” तो काठी टेकून उठला. “येतो. बैलं उन्हात हायत.”

“हौ, हौ, सोडा त्याईले सावलीत,” भामाबाई म्हणाल्या आणि मिस्त्री पुन्हा हाक मारत होता म्हणून आत गेल्या.

बाहेर आल्या तर गाडी नव्हती. बाजारात गेला असेल, येईल, असे म्हणून त्यांनी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. चैतराम आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही.

मग गाड्या कमी व्हायला लागल्या. आधी राजेगावकडच्या, मग त्याच्या आजूबाजूच्या. फाटकापलीकडे हिरालालच्या मिलसमोर मात्र बैलांची रांग लागली. एका दुपारी हिरालाल स्वतः येऊन आपुलकीने विचारून गेला, “अक्का, तब्येत बरी हाय न? मिलचं जड जाऊन राह्यलं असन तं सांगजो.” भामाबाईंनी त्याला पाणीसुद्धा विचारले नाही.

मैनाबाई बहिणीकडे बारशाला म्हणून राजेगावला गेली होती. ती परत आली तीच पडलेल्या चेहऱ्याने.

“बाई, चैतरामची गाडी आपल्याकडून भरलीच फिरली, तं तिकडं लोक म्हणून राह्यले का तुमी त्याले फिका पाजला.”

“म्या? त्याच्या चिन्नोराले?”

“मले इचारून राह्यले, काहून म्हणून. लोक म्हणते, चैतरामचं धान नाई चाललं तं आपलं काय चालणार.”

 दोघींनाही एकाच वेळी ते दोन कप आठवले. मैनाबाई म्हणाली, “म्या बदलवले वं माय. आवाज झाला न पट्ट्याचा, म्या दचकली, अन् इकडचा तिकडं ठेवला.”

“माह्या कपात साखर होती, मैना.”

“मंग तुमी बोलल्या काहून नाई?”

  मैनाबाईचा हात चुकला होता, पण भामाबाईंची जीभ चुकली नव्हती. जिभेने बरोबर सांगितले होते आणि त्यांनी ऐकले नव्हते. आणि चैतरामने विचारलेही नाही. कसा विचारणार? फिका मिळाला की प्यायचा आणि बैल उन्हात आहेत म्हणून उठायचे, ही रीत. आपल्याच बापाने घालून दिलेली सभ्य रीत, आणि तिच्यात चूक दुरुस्त करायला कुठे फटच ठेवलेली नाही.

त्यांनी हट्टाने दुसऱ्याच दिवसापासून दोन कपांची पद्धत बंद केली. पुन्हा एक कप, एक बशी, आणि साखर पहिल्यापेक्षा जास्त. लोकांना कळू दे, भामाबाईची मिल गोड आहे. चार-दोन माणसे आली, गोड चहा पिऊन गेली. आठवडा जेमतेम गेला असेल, भामाबाईंचा अंगठा काळसर दिसू लागला आणि आशालताबाईंनी असे झाडले की नीळकंठराव दारातच उभे राहिले. आशालताबाई म्हणाल्या, “आज अंगठा आहे. असंच चाललं तर उद्या पाय जाईल. मग गादीवर बसा खुशाल, उठायची गरजच राहणार नाही.”

घरी आल्यावर नीळकंठराव म्हणाले, “चैतरामले निरोप पाठव न. शाळेतले दोन पोरं राजेगावचेच आहेत.”

“निरोपात काय सांगाचं?”

“चुकून झालं म्हणून.”

“कशी चूक, ते इचारतील. दोन कप कायले होते, ते इचारतील. मंग साखरेचं निघन. अन् ते सांगाचंच असंल, तं दुसऱ्याच्या पोराच्या तोंडून काहून? माह्या तोंडाले काय झालं?”

नीळकंठरावांनी तिच्याकडे पाहिले. इतक्या वर्षांच्या संसारात बायको अवघड बोलायचे ते तोंडाने बोलणार, हे त्यांनी प्रथमच ऐकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भामाबाईंनी चपला बदलल्या, कोनाड्यातली नमुन्याची पुरचुंडी काढून पदराच्या टोकाला बांधली आणि गोंदियाच्या बसमध्ये बसल्या. राजेगावच्या थांब्यावर उतरल्या तर चैतरामचे घर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. एरवी त्यांनी गाडी बोलावली असती. आज चालल्या. सबंध गाव ओट्यांवर येऊन बघत होते: मिलवाली बाई पायी येऊन राह्यली!

घर अजून दोन आडव्या गल्ल्या दूर होते तेव्हाच तो वास आला. चिन्नोर शिजत होता.

भामाबाई थांबल्या. चिन्नोर हा सणाचा, पाहुण्याचा भात. आज सण नव्हता, आणि पाहुणी तर त्याच, त्यांची खबर कुणाला नव्हती.

चैतराम ओसरीवर बसला होता. त्यांना पाहून गडबडीने उठला, बायकोला हाक दिली. “अवं, बाई आली! पाट टाक, पाणी दे, चहा ठेव.” चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर भामाबाईंना बरे वाटले असते. नुसताच एक संकोच होता. नापास झालेल्या पोराच्या घरी मास्तर यावा तसा.

“काकाजी, आज काय सण हाय?”

“नाई बा. सण कायचा?”

“चिन्नोर शिजून राह्यला न.”

चैतरामने मान खाली घातली. “बियाणाचा होता. गाडीतला तं हिरालालले देऊन टाकला. त्यानं दुसऱ्या धानात मिसळून भरडला. म्हटलं, बियाणं ठेवून काय कराचं? बाबाच्या येळचं होतं, फिरलं असन. जमिनीनं टाकलं तं आपुन काय करणार? खाऊन संपवून राह्यलो. आजचं शेवटचंच.”

आत चुलीवर भाताला उकळी येत होती. झाकण थडथडत होते.  एका कपासाठी! आपली जीभ एका घटकेपुरती आवरली नाही, म्हणून या माणसाच्या बापाचे बियाणे त्या मडक्यात शिजते आहे.

चैतरामची बायको चहा घेऊन बाहेर येत होती. भामाबाई म्हणाल्या, “काकी, थांबा. साखर टाकली का?”

“टाकली न. तू पायल्यांदा आली घरी.”

“दुसरा ठेवा. मले फिका पायजे.”

काकी जागच्या जागी थिजली. बाहेर ओट्यावर जमलेली माणसे माना उंचावून पाहू लागली. पाहुणीने भरल्या घरात फिका मागितला होता. चैतरामने डोळे वर करून पाहिले. आता आणखी काय नाकारायचे राहिले, असे त्या डोळ्यांत होते.

“मले साखर झाली, काकाजी,” भामाबाई मोठ्याने म्हणाल्या. ओट्यापर्यंत ऐकू जावे इतक्या मोठ्याने. “डॉक्टरनं गोड बंद केलं. पाय जाईन म्हणते. लोकांपासून लपवाचं म्हणून म्या माहा कप येगळा केला. त्या दिवशी तुमाले जो फिका भेटला तो माहा होता. अन् तुमचा गोड चहा म्या पेली.”

चैतराम बघतच राहिला.

“चुकून?”

“कप चुकून आला. पेली म्या समजून. गोड लागला म्हणून ठेवला नाई.” त्यांनी पाट पुढे ओढला. “तुमच्या धानाले म्या जन्मात फिका नाई पाजला. पाजणारबी नाई. तुमी एक शब्द काहून नाई बोलले, काकाजी?”

“कसा बोलू बाई? बोलत नसते न कोणी.”

तेही खरेच होते. भामाबाईंनी पदराची गाठ सोडली. फडके उलगडले. मूठभर चिन्नोर, बारीक, सोनसळी. त्यांनी ते त्याच्यापुढे ठेवले. चैतरामने एक दाणा उचलला, उरलेल्या दातांपैकी एका दाताखाली धरला. कट्ट.

तो हसला नाही. दाणा तोंडातून काढून त्याने हातावर घेतला, त्याच्या दोन फाकी पाहिल्या आणि मग पालथ्या हाताने डोळे पुसले. “मूठभरच राह्यला.”

“हौ.”

“गाडीभर व्हाले माही जिंदगी नाई पुरणार.”

“नाई पुरणार,” भामाबाई म्हणाल्या. खोटे बोलणे त्या आज घरी ठेवून आल्या होत्या. “पण येत्या पावसात एक वाफा होईन. पुढल्या साली चार वाफे होतीन. माह्या मिलवर टोपलंभर आणा, टोपलंभर भरडू.”

“अन् तुह्या मिलवर ना म्हणाचं असंल तं आता कसं समजाचं माणसानं? तू तं सारखीच फिका पेशील.”

ओट्यावरचा एक जण हसला. भामाबाईही हसल्या. “तोंडानं सांगाव लागन आता. शिकाचं आहे. पायल्यांदा आमच्या हिरालालपासून सुरू करू.”

“अन् बाईमाणूस बिमार हाय म्हणून तो गावभर सांगन.”

“सांगू द्या. मीच सांगून राह्यली न. माह्याआधी कोण सांगते?”

काकीने दुसरा चहा आणला. एक कप, एक बशी. भामाबाईंचा हात सवयीने कपाकडे गेला आणि थांबला. गादीवर मालकाचा कप आणि येणाऱ्याची बशी. इथे गादी त्यांची नव्हती. चैतरामने कप उचलला, अर्धा चहा बशीत ओतला, बशी त्यांच्याकडे सरकवली. कपातला एक घोट घेतला आणि त्याचे तोंड वाकडे झाले.

“एवढा कडू पेतं तू, बाई? रोज?”

“रोज.”

त्याने दुसरा घोट घेतला, मग तिसरा. आतून काकीने विचारले की भात झाला आहे, पाने वाढू का. चैतराम म्हणाला, थोडी थांब. मूठभर धानावर त्याने आपला पंजा पालथा ठेवला होता, कोंबडी येईल म्हणून. भामाबाईंनी बशी दोन्ही हातांनी उचलली, फुंकर घातली आणि पहिल्यांदाच बशीतून चहा प्यायल्या.